धोंडीबाला चीत करायचं नाही

"वस्ताद, खरं सांगा, बदाम कोण घालतंय?"

हे मी तालमीच्या फाटकाबाहेरून विचारत होते. आत जायची मला बंदी, त्यामुळं आवाज चढवावा लागत होता. फाटकाच्या आत महिपती वस्ताद कमरेवर हात ठेवून उभे. मधे उंबऱ्यावर घमेलं. घमेल्यात धोंडीबा, मान आत ओढून, या भांडणाशी आपला काही संबंध नाही अशा थाटात.

"कोण न्हाय घालत," वस्ताद म्हणाले. "पाला टाकतोय, त्योबी खाईना झालाय."

"खात नाही तर वजन कसं वाढलं?"

"ते तुमालाच म्हाईत. वजन तुमी करतायसा."

धोंडीबा म्हणजे स्टार कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते. मी कोल्हापुरातल्या एका प्राणिमित्र संस्थेत फील्ड ऑफिसर आहे. पद ऐकायला मोठं वाटतं. काम असं, की तक्रार आली की लूनावर बसून तिथं जायचं, रागवायचं आणि पॅम्प्लेट द्यायचं. रागवणं आणि पॅम्प्लेट लिहिणं या दोन्ही गोष्टी मी कॉलेजच्या मोर्चांत शिकले होते. जनावरांबद्दल जे काही शिकले ते नोकरी लागल्यावर, ऑफिसातल्या एकुलत्या एका इंग्रजी पुस्तिकेतून.

धोंडीबा या तालमीत आला तो इनाम म्हणून. दिलीप नावाचा इथला दांडगा पैलवान सीमेपलीकडच्या एका जत्रेत कुस्ती मारून आला. तिथल्या गावकऱ्यांनी खूश होऊन फेट्याबरोबर कासवही दिलं. स्टार कासव पाळणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. देवळात, बंगल्यात, तालमीत, कुठंही. हे मी पहिल्याच भेटीत फाटकाबाहेरून इतक्या जोरात सांगितलं, की कसबा बावड्यातली अर्धी गल्ली गोळा झाली. पण वनखात्याकडे तेव्हा ठेवायला जागा नव्हती. तिथले साहेब म्हणाले, प्राण्यांच्या बचाव केंद्रात जागा होईपर्यंत राहू दे तिथंच, तुमच्या संस्थेनं दर महिन्याला तपासून रिपोर्ट द्यावा. म्हणजे गुन्हा तालमीचा, आणि हजेरी माझी.

आता बंदीचं. या तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. का, तर आत हौदा आहे, म्हणजे कुस्तीची तांबडी माती, आणि कोपऱ्यात मारुती. हा अन्याय आहे असं मी वस्तादांना दर महिन्याला ऐकवत असे. ते शांतपणे ऐकून घेत आणि मग आत बघून हाक मारत, "दिल्या, आण त्याला भाइर." दिलीप घमेलं डोक्यावर घेऊन येई. असा आमचा दवाखाना फाटकाबाहेर, गटाराच्या कट्ट्यावर भरायचा.

कासवाची तपासणी म्हणजे काय? डोळे स्वच्छ हवेत, नाक कोरडं हवं. कवच नखानं दाबलं तर टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर कॅल्शियम कमी. कवचावरच्या एकेका तुकड्याला स्क्यूट म्हणतात. दोन स्क्यूटांच्या मधे फिकट रेघ दिसली की समजायचं, कवच वाढतंय. लांबी मोजायची ती टेपनं पाठीवरून नाही, कॅलिपरनं सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा कॅलिपर उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा, मागून आणलेला. शेवटी वजन. लांबी आणि वजन बरोबरीनं वाढलं पाहिजे. खुराक चुकला की स्क्यूट डोंगरासारखे वर येतात. स्टार कासवाच्या पाठीवर मुळातच थोडे उंचवटे असतात, हे पुस्तिकेत पुढच्या पानावर होतं. ते पान मी नंतर वाचलं. तोवर पहिल्या रिपोर्टात मी 'कवच विद्रूप, मालकांचा अक्षम्य निष्काळजीपणा' असं लिहून बसले होते.

पहिल्या महिन्यात मी सांगून गेले, "त्याच्या तब्येतीकडं लक्ष द्या." दुसऱ्या महिन्यात येऊन बघते तर धोंडीबासमोर वाटीत दूध, बदामाचा लगदा आणि उकडलेलं अंडं. पाठीला तेल चोळलेलं, चांदण्या नुसत्या चमकत होत्या. मी किंचाळायचीच बाकी होते. दिलीप म्हणाला, "तुमीच म्हणलासा की, तब्येतीकडं बघा. बघालोय की."

चूक माझी. तालमीत तब्येत म्हणजे प्रकृती नव्हे. तब्येत म्हणजे अंग, छाती, मांडी. ती असते किंवा करावी लागते. मी सांगितलं त्याचा अर्थ, ह्याला पैलवान करा, असा झाला होता.

मग मी पॅम्प्लेट काढलं. गुलाबी कागदावर चार पानं, मथळा 'कासव खेळणं नव्हे!' इंग्रजी पुस्तिकेवरूनच केलं. काय खायला द्यावं: घोळ, माठाचा पाला, जास्वंदीची फुलं. कवचासाठी समुद्रफेस, म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं माकूल या समुद्री जीवाचं पांढरं हलकं हाड. रोज कोवळं ऊन. तेल बंद. आणि शेवटच्या पानावर ठळक टायपात, चौकटीत: 'कासवाला कधीही उताणं करू नका!!!' मुलं गंमत म्हणून कासव उलटं टाकतात आणि ते तडफडत राहतं, त्याचा मला मनापासून संताप होता. म्हणून तीन उद्गारचिन्हं.

बाकी पॅम्प्लेट तालमीनं कितपत वाचलं माहीत नाही. ही ओळ मात्र त्यांना फार पटली. कुस्तीत पाठ मातीला टेकली की माणूस चीत, कुस्ती संपली. वस्ताद म्हणाले, "आमच्या तालमीतला गडी आसा कुणीबी चीत करून जायचा म्हंजे काय?" पेंटर बोलावला. 'चप्पल घालून आत येऊ नये' याच्या खाली, फाटकातून मलाही दिसेल अशा जागी, भिंतीवर लाल रंगात आलं: 'धोंडीबास कोणीही उताणे करू नये. हुकुमावरून.' आपलं वाक्य भिंतीवर रंगवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. त्या दिवशी लूना मुद्दाम हळू चालवत घरी गेले.

त्यानंतर सगळं छान चाललं. पाठीवर फिकट रेघा दिसू लागल्या. लांबी वाढली, वजन बेतानं वाढलं. धोंडीबा मागच्या अंगणात सारखे खड्डे पाडतो आणि पोरांचे पाय मुरगाळतात अशी तक्रार होती. तीही मिटली. नगरसेवकाच्या फंडातून अंगणात शहाबादी फरशी आली. मी रिपोर्टात लिहिलं, 'फरशी बसवली, स्वच्छता उत्तम.' फरशी बसल्यावर धोंडीबा हौद्याकडं धाव घेऊ लागला, तर तिथं फळी आडवी लावली. दिलीपला त्याचं कौतुक. "माती मागतोय वो. पैलवानच त्यो."

आणि आता हे. लांबी जिथल्या तिथं, वजन वाढलेलं आणि खाणं बंद. दिवसभर फरशीवर येरझारा, मागच्या पायांनी फरशी खरडणं. पुस्तिकेप्रमाणं लांबी न वाढता वजन वाढलं तर चरबी, नाहीतर अंगात पाणी. चरबी म्हणजे बदाम. बदाम म्हणजे वस्ताद. मला हे गणित अगदी स्वच्छ दिसत होतं. मी तिथंच जाहीर केलं, की असंच चालणार असेल तर आज वनखात्याला फोन करते, आणि जागा असो नसो, कासव जप्त होईल.

 वस्तादांनी खाली बसून धोंडीबाच्या कवचावर हात ठेवला. "ताई," ते म्हणाले, "मला शिव्या द्या, फोन करा, काय बी करा. पर आदी ह्याला डाक्टरकडं न्या. ह्यो वाचंल का न्हाय, त्येवडं बघा."

मी वाद घालायला आले होते. इथं वादच संपला होता. दिलीप घमेलं मांडीवर घेऊन लूनाच्या मागं बसला. लूनेनं तो भार सहन केला, याचं श्रेय तिला दिलं पाहिजे.

डॉ. शेटे म्हणजे आमच्या संस्थेचे मानद डॉक्टर, माझे बॉस. जयसिंगपूरहून एसटीनं येतात, आणि बोलायचे शब्दही प्रत्येकाचं तिकीट काढावं लागतं तसे जपून वापरतात. त्यांनी डोळे बघितले, नाक बघितलं, माझे सगळे रिपोर्ट चाळले.

"खालून बघितलंस?"

"खालून?"

"उलटं करून."

"नाही सर. उताणं करायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"आपलं पॅम्प्लेट."

"कुणी लिहिलंय ते?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. सरांनी धोंडीबाला उचलायला हात घातला, तेवढ्यात दिलीपचा पंजा त्यांच्या मनगटावर पडला. सर शरीरानं किरकोळ. त्यांचा हात कोपरापर्यंत त्या पंजात गेला.

"सर, माफी करा. पर ह्यो आजून कुणाकडनं चीत झालेला न्हाय."

मला वाटलं, सर आता भडकणार. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाठ टेकली नाही तर चीत होतो का?"

दिलीपनं विचार केला. "पाठ टेकली न्हाय तर कुस्ती झालीच न्हाय."

"मग मी टेबलावर टेकवतच नाही. हातातच तिरका धरतो."

नियमात बसत होतं. दिलीपनं हात सोडला, तरी तोंड भिंतीकडं फिरवलंच. सरांनी धोंडीबाला तिरकं धरलं, पोटाखालच्या कवचावरून अंगठा फिरवला आणि मला जवळ बोलावलं.

खालच्या कवचाला प्लॅस्ट्रॉन म्हणतात. नराचं प्लॅस्ट्रॉन मधे खोलगट असतं आणि शेपूट लांब. मादीचं सपाट, शेपूट आखूड. हे मी पुस्तिकेत वाचलेलं होतं. खोलगटला 'अंतर्वक्र' हा शब्द कसा वाटेल यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती, आणि शेवटी जागेअभावी ते वाक्यच गाळलं. माझ्यासमोरचं प्लॅस्ट्रॉन पोळपाटासारखं सपाट होतं.

एक्स-रे सरांच्या ओळखीच्या सेंटरमध्ये, माणसांच्या मशिनवर काढला. तिथल्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं, दिलीपनं धोंडीबा सांगितलं. वय विचारलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. पुरुष की स्त्री, विचारलं. मी खाली मान घालून म्हणाले, "स्त्री लिहा." फिल्म आली. कवचाच्या आत लहान लिंबांएवढ्या चार गोल सावल्यांची रांग होती.

"अंडी," सर म्हणाले. "कवच धरून तयार. घालायला जागा नाही म्हणून धरून ठेवली आहेत. मऊ माती कुठाय तिथं?"

मी सांगितलं, होती, मागच्या अंगणात. आता फरशी आहे. सरांनी माझा तो रिपोर्ट काढून 'स्वच्छता उत्तम' यावर बोट ठेवलं. ऑफिसात परतल्यावर मी पुस्तिका उघडली. लांबी न वाढता वजन वाढण्याची कारणं तीन होती. चरबी, पाणी, अंडी. तिसऱ्यावर मी पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली होती. 'आपला नर आहे, लागू नाही.'

सरांनी जे सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. मादीला नर भेटला नाही तरी अंडी होतात, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पण घालावी तर लागतातच. मऊ, ओलसर, वीतभर खोल माती द्यायची, उबेची, गडबड नसलेली जागा. दोन दिवस वाट बघायची. नाही घातली तर इंजेक्शन. त्यानंही नाही झालं तर कवच कापून ऑपरेशन. "आणि ते," सर म्हणाले, "मी केलेलं नाही. जगेल असं सांगू शकत नाही."

घरची कुंडी चालेल का, वाळू आणू का, मी विचारत होते. सर म्हणाले, नव्या जागेत नेलंस तर आणखी बिथरेल, राहते तिथंच बघ. तिथं मऊ माती एकच होती. वर्षानुवर्षं ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून लोण्यासारखी केलेली. फळीच्या पलीकडं. धोंडीबाला आमच्या सगळ्यांच्या आधी ती ठाऊक होती.

परत येताना दिलीप मागून म्हणाला, "ताई, तुमच्याबी ध्यानात आलं न्हाय?"

"मी कसा ओळखणार? मी खालनं बघिटलंच न्हवतं की."

"घ्या. तुमी सवता 'मी कसा' म्हणताय. मग धोंडीबाचं काय चुकलं?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. कोल्हापूरच्या पोरी बोलताना 'मी येतो, मी गेलतो' असंच म्हणतात. लिहिताना सुधारतो, बोलताना नाही. पण स्त्रियांना आत घ्या म्हणून दर महिन्याला फाटकावर भांडणारी मी, आत राहणाऱ्या एकुलत्या एका बाईला सगळ्या रिपोर्टांत 'तो' लिहीत होते.

फाटकाशी आल्यावर वस्तादांना सांगायची वेळ माझ्यावर आली, कारण दिलीप घमेलं उंबऱ्यावर ठेवून माझ्या मागं जाऊन उभा राहिला. मी सगळं सांगितलं. बदामाचा माझा आरोप खोटा होता, हेही सांगितलं. धोंडीबा बाई आहे, पोटुशी आहे, तिला हौदा पाहिजे, नाहीतर मरेल. जत्रांचा हंगाम तोंडावर होता, आत वीसेक पैलवान जोर काढत होते, आणि सगळे आता जोर थांबवून ऐकत होते.

वस्ताद घमेल्याजवळ बसले. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं. ज्या मातीला पाया पडल्याशिवाय ते स्वतः पाऊल टाकत नाहीत, त्या मातीत बाई, आणि तीही बाळंतपणाला. मी मनात भाषण तयार करत होते. समता, परंपरा, विज्ञान, सगळं त्यात होतं.

वस्ताद म्हणाले, "म्हंजे एवडे म्हैने बाई तालमीतच हाय."

"व्हय," दिलीप म्हणाला.

"मारुतीनं कदी काय म्हणलं?"

"न्हाय."

"मग मी कोण म्हणणार? फळी काढ. हौदा बंद. जोरबैठका फरशीवर."

भाषण तसंच राहिलं. एका पोरानं कुरकुर केली, की पंधरा दिवसांवर कुस्त्यांचं मैदान आलंय. वस्तादांनी त्याच्याच हातात पाण्याची बादली दिली. मग स्वतः माती भिजवली, उदबत्ती लावली, धोंडीबाला मातीच्या पाया पडवल्यासारखं करून आत सोडलं.

पहिला दिवस काहीच नाही. मी फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत बघू, मग इंजेक्शन. ऊन उतरलं तसा दिलीप आतल्या दाराशी उभा राहून मला बातमी देऊ लागला. मैदानात कुस्तीचं निवेदन करतात तसंच, फक्त कुजबुजत.

"कोपऱ्याला ग्येली. फिरली. पाणी सोडलं मातीवर. मागच्या पायानं माती काढालीय. डावा पाय. आता उजवा. डाव्यानं काढलं, उजव्यानं भाइर टाकलं. सुरईगत खड्डा पाडलाय वो ताई."

मग आवाज थांबला.

"काय झालं?"

"हालंना झालीया."

"डोळे उघडे आहेत का?"

"दिसंना. मान आत घेटलीया."

 सरांचं 'जगेल असं सांगू शकत नाही' कानात वाजत होतं. मी फाटकाला हात घातला. "वस्ताद, मी येतो आत. मला बघू दे. ती गेली आत तर मी का न्हाय?"

वस्ताद दारात आले. आवाज अगदी हळू, धोंडीबा बिचकू नये म्हणून.

"तुमी अंडी घालणार हाय काय?"

आत वीस पैलवान तोंडावर हात दाबून हसत होते. मी फाटकावरचा हात काढला आणि परत कट्ट्यावर जाऊन बसले. 

आणि त्याच हसण्यात दिलीपचा आवाज आला, "पडलं. एक पडलं." थोड्या वेळानं दुसरं. मग तिसरं. चौथ्याला इतका वेळ लागला की गल्लीतले दिवे लागले. चारही झाल्यावर तिनं मागच्या पायांनी खड्डा बुजवला, वरून पोटानं माती थापून सपाट केली आणि कोपऱ्यात जाऊन झोपली. दिलीप म्हणाला, आमच्यातल्या एकालाबी हौदा आसा नीट करता येत न्हाय.

दुसऱ्या दिवशी तिनं जास्वंदीची पाच फुलं खाल्ली. वजन जागेवर आलं. पिल्लं निघणार नाहीत हे सांगूनही दिलीपनं त्या कोपऱ्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. त्या वर्षी तालमीतले पैलवान अर्ध्या हौद्यात कुस्ती शिकले, आणि मैदानात दोघे चीत झाले. त्याबद्दल मला कुणी काही म्हणालं नाही. धोंडीबाची मात्र धोंडूबाई झाली.

पुढं केंद्रात जागा झाली आणि वनखात्याची जीप आली. मी कायद्याच्या बाजूनं होते, आहे. वस्तादांनी साहेबांना एकच विचारलं, तिथं मऊ माती हाय का. साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, आहे. आदल्याच दिवशी लूनावर जाऊन बघून आले होते.

पॅम्प्लेटची दुसरी आवृत्ती निघाली. चौकटीतलं वाक्य आता असं आहे: 'कासवाला उगाच उताणं करू नका. पण एकदा तरी खालून बघा.' उद्गारचिन्ह एकही नाही. तालमीच्या भिंतीवरची ओळ तशीच आहे. फक्त शेवटी वेगळ्या रंगात 'डाक्टर सोडून' एवढं वाढलंय.

तालमीत बायकांना प्रवेश मिळावा यावरही पॅम्प्लेट लिहायला घेतलंय. मागण्या तयार आहेत, मथळा तयार आहे. सुरुवात मात्र अडली आहे. लिहायला बसलं की वस्तादांचा तो अंड्यांचा प्रश्न आडवा येतो, आणि मी पेनाला टोपण लावते.